ग्राहकांचे प्रश्न : उगवलं नाही तर दुबार पेरणीआधी पंचनामा

प्रश्न : मृगात सोयाबीनच्या चार बॅगा पेरल्या. शेजारच्या रानात तासं दिसायलीत, आमच्याकडं तुरळक उगवण. दुकानदार कंपनीकडं बोट दाखवतो, कंपनी पावसाकडं. ग्राहक मंचात जाता येतं का? पुरावा काय लागतो?
– शेतकरी, औसा तालुका

उत्तर : जाता येते. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले. पण आत्ता घाई अर्जाची करा, पेरणीची नको. बरेच दावे इथेच हातचे जातात : वाफसा (पेरणीजोगी ओल) जाईल म्हणून रान मोडले जाते आणि दाखवायला काही उरत नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येईल तेव्हा कंपनी आणि विक्रेत्याला आधी कळवले आहे ना, हे विचारा. नाहीतर पंचनामा एकतर्फी होता, असे पुढे म्हटले जाते. वाफसा निसटतच असेल तर निदान एक पट्टा न मोडता राखा.

कंपनीचा बचाव ठरलेला : पेर खोल पडली, ओल कमी होती, पावसाने जमिनीवर पापुद्रा धरला. म्हणून पंचनाम्यात पेरणीची तारीख, त्या दिवसांतला महसूल मंडळातला पाऊस, पेरणीची खोली (सोयाबीनला ३ ते ५ सेंमी) आणि प्रत्यक्ष मोजलेली रोपे लिहून घ्या. 'उगवण कमी' एवढ्या शेऱ्याला काही किंमत नाही. त्याच रानात, त्याच दिवशी पेरलेला दुसरा लॉट नीट उगवला असेल तर ते आवर्जून नोंदवा. याच्यापुढे पावसाची सबब टिकणे अवघड.

लॉट नंबर असलेले पक्के बिल, रिकामी बॅग आणि तिचे लेबल जपा. कच्च्या चिठ्ठीवर दावा लंगडतो. मूठभर बियाणे उरले असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्याने मोजा. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के हवी. ही घरची चाचणी जिल्हा ग्राहक आयोगापुढे (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचापुढे) पुरेशी नाही, पण अंदाज येतो. बियाणे उरले नसले तरी दावा बुडत नाही. शेतकऱ्याने तपासणीसाठी ते राखून ठेवावे ही अपेक्षाच २०१२ च्या निकालाने मान्य केलेली नाही. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. भरपाईत बियाण्याची किंमत, दुबार पेरणीचा खर्च आणि उत्पन्नातली घट मागा. घट दाखवायला ई-पीक पाहणीची नोंद आणि बाजार समितीच्या दराचा दाखला लागेल.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला फ्रिज तीन महिन्यांत बंद पडला. 'वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' अशी अट दाखवतात. परळीहून तिकडं कोण जाणार?
– वाचक, परळी

उत्तर : जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे बीडच्या जिल्हा आयोगात. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथेच नमतात. मात्र हेल्पलाइन निकाल देत नाही आणि तिथे तक्रार केल्याने आयोगात जाण्याची दोन वर्षांची मुदत थांबत नाही. कंपनीला नोटीस पाठवून नंतर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरा. १ जानेवारी २०२५ पासून हेच पोर्टल आहे. तारीखवार घटनाक्रम, शपथपत्र, बिल, वॉरंटी कार्ड आणि मेकॅनिकचा जॉबशीट जोडा. मोबाइलवर काढलेले तिरपे, अंधुक फोटो जोडू नका, त्रुटी निघते आणि तारखा वाया जातात. कंपनीला उत्तराला ३० आणि वाढवून फार तर १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे.

प्रश्न : लातूरच्या क्लासला दोन वर्षांची फी एकरकमी भरली. मुलगा दोन महिन्यांत परत आला. पावतीवर 'फी परत मिळणार नाही' छापलंय.
– पालक, नांदेड

उत्तर : छापले म्हणून विषय संपत नाही. कोचिंग क्लास ग्राहक कायद्याखाली येतात, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटले आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी असे आहे. तो कायदा नव्हे, पण मागणीला आधार म्हणून जरूर जोडा. मुलगा परतला त्या दिवशीच पत्र दिले नसेल तर आज ईमेल करा. क्लास हजेरीचे दिवस वाढवून दाखवतो ते याच फटीतून. वसतिगृह आणि मेसचा हिशेब वेगळा मागा. 'निवडीची हमी' लिहिलेले पत्रक घरात असेल तर फेकू नका, नोव्हेंबर २०२४ पासून अशा जाहिरातींना स्पष्ट मनाई आहे.

प्रश्न : संभाजीनगरच्या हॉटेलात बिलात १० टक्के सेवा शुल्क लावलं. द्यावंच लागतं?
– वाचक, जालना

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागेल. पैसे देण्याआधी ती ओळ काढायला सांगा. देऊन झाले असतील तर बिलाचा फोटो जोडून १९१५ वर तक्रार करा.