गुरुवारची खोली

परवा तू फोनवर सव्वा तास बोललीस आणि त्यात "सर, पण तिथे अर्थशास्त्रात माझ्या विषयातलं आहेच कोण?" हे पाच वेळा आलं. झोप लागेना म्हणून लिहितोय. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे लिहीत बसणार नाही. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ते संशोधनाचं काम, संपत आलंय, सोलापूरला शिकवायची जागा निघालीये, आईबाबा तिथेच आहेत, आणि तुला वाटतंय की तिकडे गेलो की आपण संपलो. भीती खोटी नाही गं. प्रश्न चुकीचा आहे. तिथे कोण आहे ते सोड, तू तिथे कोणाकोणाला बोलावणार आहेस ते सांग.

लाफों आणि तिरोल या दोन फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांचं १९९३ चं जाडजूड पुस्तक तू कोळून प्यायलीयस. पण ज्याँ-जाक लाफों हा माणूस काय करत होता हे कधी बघितलंस का? मूळचा दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझचा, १९४७ चा जन्म. अमेरिकेत हार्वर्डला केनेथ अ‍ॅरो या नामवंत अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९७५ मध्ये पीएचडी. अशा माणसाला अमेरिकेत काय कमी होतं? आणि फ्रान्समध्येच राहायचं तर पॅरिस, सगळं तिथेच. हा गेला आपल्या गावी. विमानं बनवणारं, विटांच्या गुलाबी घरांचं तुलूझ, अर्थशास्त्रासाठी तेव्हा कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. तिथे त्याच्या विषयातलं कोण होतं? कोणी नव्हतं म्हण ना जवळजवळ. त्याने माणसं जमवली. १९९० मध्ये औद्योगिक अर्थशास्त्राची संस्था काढली, कंपन्यांशी संशोधनाचे करार करून पैसा उभा केला (त्यावर टीका होते, ती वाच, पण सरकारी पगारात बाहेरची माणसं येऊन टिकत नव्हती हेही वाच). अमेरिकेतल्या एमआयटीतून ज्याँ तिरोल १९९१ मध्ये वर्षभराच्या रजेवर तिकडे आला आणि परत गेलाच नाही. एमआयटी सोडून माणूस तुलूझला राहतो, ते हवापाण्यासाठी नाही. शेजारच्या खोलीत भांडायला माणूस होता म्हणून.

आणि त्यांचं काम बघ, किती साधी गोष्ट आहे मुळाशी. घराचं काम काढलं की खरा खर्च मिस्त्रीला ठाऊक, आपल्याला नाही. जेवढा खर्च येईल तेवढा देतो म्हटलं की तो सैल सुटतो. उक्तं दिलं, म्हणजे आधीच ठरवलेली एकच रक्कम, तर तो जिवापाड काटकसर करतो, पण रक्कम ठरवताना आपण फसतो, कारण काम खरंच अवघड आहे की सोपं हे त्यालाच माहीत. मग या दोघांनी दाखवलं की दोन्ही टोकांमधले वेगवेगळे करार समोर ठेवा, ज्याचं काम स्वस्तात होणार आहे तो आपणहून उक्तं उचलेल. निवडीतूनच माहिती बाहेर येते. फक्त ती फुकट मिळत नाही, त्या हुशार मिस्त्रीच्या पदरात थोडा जास्तीचा नफा टाकावाच लागतो. वीज, टेलिफोन, रेल्वे, कंपनीचा खरा खर्च सरकारला कळत नाही तिथे सगळीकडे हेच. ही गणितं एकट्याने खोलीत बसून एवढी पुढे गेली नसती असं माझं ठाम मत आहे. समोर कोणीतरी "हे चूक आहे" म्हणणारं लागतं, दर आठवड्याला, ठरल्या वेळी.

हे मी इतकं ताणून सांगतोय कारण माझ्या हातून हेच निसटलं. २००७ मध्ये मी आमच्या विभागात गुरुवारी चार वाजता सेमिनार सुरू केला होता. पहिल्यांदा बावीस जण, मग नऊ, मग तीन. २००९ च्या फेब्रुवारीत तिघांसमोर माझा पेपर वाचला, वरिष्ठांनी खोली दुसऱ्या कामाला मागितली आणि मी किल्ली देऊन टाकली. तुला वाटेल एवढंच? पण त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी एकही पेपर पूर्ण केला नाही, एकही. पेपर तपासणी होती, प्रवेश होते, फायली होत्या, वडिलांचं आजारपण होतं. हे सगळं खरं आहे, मी बहाणे सांगत नाहीये, त्या परिस्थितीत दुसऱ्या कोणीही किल्ली दिलीच असती. तरी द्यायला नको होती. त्या तिघांपैकी एक मुलगा आज चांगलं काम करतोय, आणि तो म्हणतो सर, मला सुचायला लागलं ते त्या खोलीत. तिघे पुरेसे होते गं. मी बावीस मोजत बसलो.

तू म्हणालीस, तिथे राजकारण आहे. असणारच. लाफोंनी १९९९ मध्ये आधुनिक राज्यसंस्थेवर अहवाल मांडला, त्यात म्हटलं की मंत्री आणि अधिकारी फक्त लोकहितच बघतात असं गृहीत धरून चालणार नाही, त्यांनाही स्वतःचे हेतू असतात. आणि हे ऐकवलं कोणाला, तर नेत्यांना आणि अधिकाऱ्यांनाच! जाम चिडले लोक. तो तुलूझला परतला आणि काम चालू. २००४ मध्ये कॅन्सरने गेला, सत्तावन्न वर्षांचा. तीन वर्षांनी त्या जमवलेल्या माणसांतूनच तुलूझ स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभं राहिलं, तिथल्या फाउंडेशनला त्याचं नाव आहे. २०१४ मध्ये तिरोलला नोबेल मिळालं, एकट्याला, कारण गेलेल्या माणसाला ते देत नाहीत. मला त्या दिवशी फार भरून आलं होतं.

तेव्हा "आधी पाच वर्षं बाहेर काढते, नाव कमावते, मग बघू" हे पुन्हा मला ऐकवू नकोस. माणसं जमवायची सवय नाव झाल्यावर लागत नाही. बाहेरच राहायचं तर खुशाल राहा, पण तिथेही हेच कर, दुसऱ्याच्या सेमिनारला मागच्या खुर्चीवर बसून येण्याला मी काम म्हणत नाही. सोलापूरला गेलीस तर पहिल्या महिन्यात खोली माग, वार ठरव, चहाचे पैसे स्वतःच्या खिशातून दे. गणितवाल्यांना बोलाव, शहरातला एखादा सीए बोलाव, यंत्रमाग चालवणाऱ्याला बोलाव, मजुरीचं उक्तं आणि रोजाचं गणित त्याच्याइतकं तुला-मला कळत नाही. कोणी नाही आलं तरी चार वाजता दार उघड.

तारीख कळव. बुधवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येतो. २००९ चा तो पेपर अजून ड्रॉवरमध्ये आहे, तिसऱ्या भागातली सिद्धता कुठेतरी अडलीये, पहिल्या गुरुवारी तोच वाचतो.