कारखाना बंद करण्याची तारीख आपण ठरवावी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ६१ आहे आणि धाकटा भाऊ ५७ वर्षांचा आहे. वडिलांनी १९८९ मध्ये शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेले वर्कशॉप पुढे शिरोली एमआयडीसीत नेले आणि आज आम्ही दोघे भाऊ ते भागीदारीत चालवतो. फौंड्रीकडून येणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग हेच आमचे काम आहे. दोघांचीही मुले पुण्यात नोकरीला आहेत आणि ती या धंद्यात येणार नाहीत, हे आम्ही आता मान्य केले आहे. कामगार चौदा आहेत. त्यांपैकी अकरा जणांची सेवा सरासरी १४ वर्षांची असून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सरासरी १५,६०० रुपये होतात. बँकेची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) ३० लाखांची आहे व तिला राहते घर तारण आहे. पुरवठादारांचे चार लाख देणे आहे. येणे ३८ लाख आहे, पण त्यातले सहा लाख दीड वर्षापासून अडकले आहेत. मशिनना एका दलालाने ४२ लाखांची बोली दिली आहे. घसारा वजा जाता त्यांची पुस्तकी किंमत सहा लाख उरली आहे. गेल्या वर्षी घसारा सोडूनही तीन लाखांचा तोटा झाला. आणखी दोन-तीन वर्षे रेटावे आणि मग बंद करावे, असा आमचा विचार आहे. कामगारांना केव्हा सांगावे, आधी काय बंद करावे आणि आम्हा भावांचा हिशोब कसा मिटवावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण आकडे मोकळेपणाने दिले आहेत, म्हणून उत्तरही आकड्यांनीच सुरू करतो. आपल्या पत्रातली ‘आणखी दोन-तीन वर्षे’ ही एकच गोष्ट मला पटत नाही आणि ती का पटत नाही, हे आपल्याच आकड्यांतून दिसते.

समजा, आज बंद केले. अडकलेले सहा लाख तूर्त बाजूला ठेवले, तर येण्यातून ३२ लाख आणि मशिनमधून ४२ लाख, असे ७४ लाख हाती येतील. आता देणी पाहा. बँक आणि पुरवठादार मिळून ३४ लाख. ग्रॅच्युइटी काढताना अखेरच्या पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. आपल्या सरासरीने ६०० गुणिले १५ गुणिले १४, म्हणजे माणशी १,२६,००० रुपये आणि अकरा जणांचे सुमारे १४ लाख. कारखाना बंद होतो म्हणून द्यावी लागणारी भरपाई याहून वेगळी आहे. ती सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी असते. ती आणि एका महिन्याच्या नोटिशीचा पगार मिळून आणखी १५ लाख धरा. मशिनच्या विक्रीवर प्राप्तिकर लागेल, कारण ४२ लाख आणि सहा लाख यांतला फरक अल्पकालीन भांडवली नफा समजला जातो आणि भागीदारी पेढीला ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर आहे. ग्रॅच्युइटी त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष दिली, तर तिची वजावट जाऊन हा कर सात लाखांच्या आसपास राहील. एकूण देणी ७० लाख झाली. उरले चार लाख.

आता दोन वर्षे पुढे जा. तोटा असाच राहिला तर सहा लाख गेले. अकरा कामगारांची दोन वर्षांची सेवा वाढल्याने ग्रॅच्युइटी व भरपाई मिळून साधारण चार लाखांचे देणे वाढले. मशिन तेवढी जुनी झाली, तो फटका निराळाच. म्हणजे आज उरणारे चार लाख तेव्हा सहा लाखांची तूट होतात आणि त्या तुटीसमोर आपले तारण ठेवलेले घर उभे राहते. प्लॉट आहे, असे आपण म्हणाल. तो आहे, पण एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो, हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते, शुल्क भरावे लागते आणि त्यात महिने जातात. कामगारांचे आणि बँकेचे देणे त्या पैशावर टांगू नका. प्लॉट ही आपल्या दोघांची म्हातारपणाची पुंजी आहे.

माझा सल्ला असा, की येणारा ३१ मार्च ही तारीख दोघा भावांनी बसून नक्की करावी. आर्थिक वर्षाच्या शेवटी बंद केले की वर्षाचा तोटा, ग्रॅच्युइटी आणि मशिनचा नफा एकाच हिशोबात बसतात. मशिन एप्रिलमध्ये विकली आणि ग्रॅच्युइटी मार्चमध्ये दिली, तर करात हकनाक चार लाखांचा फरक पडू शकतो. बंद होण्याच्या भरपाईची रक्कम मात्र मी वजावटीत धरलेली नाही, कारण धंदा बंद करण्यासाठी केलेला खर्च मान्य होण्यावर वाद होतात.

त्याआधी एक वाट जरूर तपासा. चालू कारखाना घेणारा कोणी आहे का? ज्या फौंड्रीला आपल्या मशिनिंगची सवय झाली आहे, तिला ते शेड, ती मशिन आणि तेच टर्नर एकत्र मिळणे सोयीचे असते. खरेदीदाराने कामगारांची सेवा खंड न पाडता पुढे चालवली, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटी दिल्या आणि मागील सेवेची जबाबदारी करारात स्वीकारली, तर बंद होण्याची भरपाई द्यावी लागत नाही. मला विचाराल तर तेवढ्यासाठी किमतीत दोन पावले मागे येणेही फायद्याचे आहे, कारण चौदा घरांची चूल त्याच शेडवर चालू राहते. हा शोध तीन महिन्यांत संपवा.

कामगारांना केव्हा सांगावे, हा आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असल्याने शासनाला ६० दिवस आधी नोटीस देण्याचे बंधन आपल्यावर नाही. पण माणसांना मात्र किमान तीन महिने आधी, सर्वांना एकाच दिवशी, दोघा भावांनी मिळून सांगावे. शिरोलीत चहाच्या टपरीवर बातमी आपल्याआधी पोहोचते आणि ती तिथून कळलेला कामगार मग आपल्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही. सांगताना प्रत्येकाच्या हातात त्याच्या हिशोबाचा कागद द्या : सेवेची तारीख, ग्रॅच्युइटी, भरपाई, शिल्लक रजा, बोनस. वेळ मिळाला तर चांगला टर्नर गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत जागा शोधू शकतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्यास महिन्याचा पगार जादा द्यावा, नाहीतर मागणीची कामे अर्धवट राहतील. आणि कळकळीने सांगतो, भरपाई वाचवण्यासाठी कामगारांकडून राजीनामे लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. पंधरा-वीस वर्षे आपल्या मशिनवर उभ्या राहिलेल्या माणसाशी असे वागू नये, आणि कामगार न्यायालयात असे राजीनामे टिकतातच असेही नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर प्रत्येकाची सेवा संपल्याची तारीख आपण स्वतः भरा. मालक निघून गेल्यावर त्या एका नोंदीसाठी कामगारांना हेलपाटे मारावे लागू शकतात. चार नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणून ग्रॅच्युइटीचा आकडा पगारपत्रकावरून पुन्हा तपासून घ्या.

आधी काय बंद करावे, याबाबत एक अनुभव सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी खर्च वाचवायचा म्हणून सर्वांत आधी वीज कायमची तोडून घेतली. मग मशिन बघायला व्यापारी आला, तो हातात बॅटरी घेऊन. त्याने लेथच्या बेडवर बोट फिरवले, चक हाताने गरगरवला आणि म्हणाला, ‘स्पिंडल फिरवून दाखवता येत नाही, मग मी हे किलोवरच घेणार.’ चालू मशिन आणि भंगार यांत तेवढ्या एका तारेचे अंतर होते. तेव्हा शेवटचे मशिन उचलले जाईपर्यंत वीज ठेवा. हवे तर महावितरणकडे मंजूर मागणी कमी करून घ्या, म्हणजे स्थिर आकार उतरेल. जीएसटीची नोंदणीही मशिन विकून झाल्यावरच रद्द करा. नोंदणी असताना कर लावून बिल दिले तर खरेदीदाराला त्याची वजावट मिळते. नोंदणी आधी रद्द केली, तर शिल्लक माल व मशिन यांवरचा कर आपल्याच खिशातून भरावा लागतो. बंद झाल्यापासून ३० दिवसांत रद्द करण्याचा अर्ज आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र, हा क्रम पाळा. चालू खाते अगदी शेवटी बंद करा, कारण विजेची अनामत रक्कम आणि परतावे त्यातच येणार आहेत.

शेडमधील प्रत्येक कास्टिंग फौंड्रीच्या मालकीचे आहे. चलनानुसार मोजून ते परत पोहोचवा आणि पोच घ्या. जॉबवर्कला गेलेला माल वर्षभरात परत न गेल्यास तो विकला गेला असे धरून पाठवणाऱ्यावर कर लागतो आणि तो आपल्या बिलातूनच कापला जाईल. फिक्स्चर (काम पकडण्याची साधने) आणि गेजही (मापेही) ज्याचे त्याला द्या. रिजेक्शनच्या डेबिट नोट, म्हणजे नापास मालापोटी पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या, बंद झाल्यावरही काही महिने येतात, तेव्हा थोडी रक्कम त्यासाठी राखून ठेवा. अडकलेल्या सहा लाखांसाठी मात्र आजच हालचाल करा. आपली लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि शासनाच्या सुविधा परिषदेकडे दावा लावता येतो. ती नोंदणी रद्द करण्याआधी हे करा आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा.

भावांच्या हिशोबाचा क्रम १९३२ च्या भागीदारी कायद्यातच आहे, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर. प्रथम बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी पेढीला दिलेले कर्ज, मग भांडवल, आणि उरेल ते नफ्याच्या प्रमाणात. त्यामुळे कोणी किती उसने घातले आणि कोणाचे भांडवल किती, हे दोघांनी आत्ताच, घरात सर्वांसमोर, वहीतून नक्की करावे. विसर्जन लेख करा, भागीदारी पेढ्यांच्या निबंधकांना कळवा, आणि राजपत्रात व स्थानिक मराठी वर्तमानपत्रात नोटीस द्या. ती दिली नाही, तर नंतर एका भावाने पेढीच्या नावाने केलेला व्यवहार दुसऱ्यावरही येतो. बँकेचे देणे फिटले की केवळ ‘बाकी नाही’च्या दाखल्यावर समाधान मानू नका, घराची मूळ कागदपत्रे परत घ्या आणि मिळकत पत्रिकेवरचा बोजा उतरल्याचे डोळ्यांनी पाहा. आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. भागीदार दोघेच असताना एकाचे बरेवाईट झाले, तर पेढी त्याच दिवशी संपते आणि हे सारे दुसऱ्याला एकट्याने, दुःखात, घाईने करावे लागते. तारीख आज ठरवा म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

प्रश्न : राजारामपुरीतील माझे कपड्यांचे दुकान मी चौदा महिन्यांपूर्वी बंद केले. माल विकून टाकला, भाड्याचा गाळा सोडला. जीएसटीचे काही केले नाही. आता जीएसटी खात्यानेच नोंदणी रद्द केल्याचा आदेश आला आहे. विषय संपला असे समजावे का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, संपलेला नाही, पण आवाक्याबाहेरही गेलेला नाही. खात्याने नोंदणी रद्द केली तरी रद्द होण्याच्या तारखेपर्यंतची थकलेली विवरणपत्रे आणि अंतिम विवरणपत्र आपल्यालाच भरायचे आहे. अंतिम विवरणपत्रासाठी आदेशापासून तीन महिने आहेत. ती मुदत उलटल्यास केंद्र व राज्य मिळून रोज २०० रुपये आणि कमाल १०,००० रुपये विलंब शुल्क लागते. माल विकला तेव्हाची बिले शोधून ठेवा, कारण तो सारा विकला गेला हे दाखवता आले नाही, तर शिल्लक मालावर घेतलेली कराची वजावट परत मागितली जाते. दुकानाची नोंदणी आणि व्यवसाय कर यांचेही अर्ज याच महिन्यात द्या. पोर्टलला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद करू नका, कारण पुढच्या नोटिसा त्यावरच येतात. वह्या आणि बिलबुके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची आहेत, म्हणून ती माळ्यावर न टाकता ओल लागणार नाही अशा पेटीत ठेवा. कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात कार्बन प्रतींवरची अक्षरे उडून जातात.