थंडीत पहाटे धावायला निघतोयस तर

जानेवारीत नागपुरात सूर्य ६:५०च्या आसपास उगवतो, म्हणजे साडेपाचला निघालास तर पहिला तासभर अंधारच. रस्त्याच्या उजव्या कडेने धाव, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. काळं जॅकेट घरी ठेव, चमकपट्टीचं जाकीट घाल. कानटोपी घालायची तर घाल बापा, पण आत इअरफोन नको!

ताशी ६० किमीने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. त्यात काचेवर दव. तू ड्रायव्हरला दिसलायस असं धरूच नकोस. मी एकदा धरलं होतं, थेट नालीत उतरलो. धुकं असलं की मी फुटाळा तलाव सोडून मैदानातच चकरा मारतो. कंटाळवाणं आहे, खरंय.