वाचकांचे प्रश्न : चिपट्यूनमधले उस्ताद आणि त्यांचे शागीर्द

घरगुती संगणकांवरच्या जुन्या खेळांबद्दल गेल्या अंकात लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे खेळांविषयी नसून त्यांतल्या संगीताविषयी होती. त्यामुळे या वेळचे सदर त्या संगीतालाच दिले आहे.

प्रश्न : चिपट्यून म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचा किरकिरा आवाज, एवढेच मला माहीत होते. आवाज जर यंत्रातली चिप काढते, तर संगीतकाराचे कर्तृत्व कोणते आणि लोक त्याचे एवढे चाहते का होतात? (एक वाचक, इचलकरंजी)

चिप आवाज काढते हे खरे, पण तिला फार थोडे येते. १९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या संगणकात बॉब यानिस यांनी घडवलेली 'सिड' नावाची चिप होती आणि एका वेळी तीनच आवाज काढण्याची तिची ऐपत होती. तालवाद्य, खर्ज, मुख्य सुरावट आणि साथ, हे सगळे त्या तिघांतच वाटून घ्यायचे. ही वाटणी जो कौशल्याने करी तो संगीतकार, आणि ते कौशल्य ऐकणाऱ्याला कळत असे.

इंग्लंडच्या हल शहरात जन्मलेले रॉब हबर्ड यांचे उदाहरण घ्या. १९८५ मधल्या 'माँटी ऑन द रन' या खेळासाठी त्यांनी केलेली रचना आजही चाहत्यांच्या आवडत्या रचनांत गणली जाते. त्या काळी संगणकाचा प्रोग्रॅम टीव्हीच्या पडद्याबरोबर, म्हणजे युरोपात सेकंदाला पन्नास वेळा, चिपला नवा हुकूम देत असे. हबर्ड यांच्या पद्धतीत ढोलाचा एक ठोका असा बने : सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शापुरता नुसता खरखराट, लगेच त्याच आवाजात झपाट्याने खाली घसरणारा सूर, आणि कानाने 'धप्प' ऐकले न ऐकले तोच तो आवाज पुन्हा खर्जाच्या कामाला मोकळा. एकाच आवाजाकडून ढोल आणि खर्ज अशी दोन माणसांची कामे करून घेतली जात. तिहेरी स्वरसंगती हवी असेल तर तिचे तीन स्वर एकाच आवाजात आळीपाळीने इतक्या वेगाने वाजवले जात, की कानाला थरथरणारी एकच स्वरसंगती ऐकू यावी. चिपट्यूनची ओळख ठरलेली ती थरथर मुळात टंचाईतून काढलेली वाट होती.

हे सगळे हबर्ड वाद्य वाजवून यंत्रात उतरवत नसत. संगीत वाजवणारा प्रोग्रॅम ते स्वतः असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या, भाषेत लिहीत आणि स्वर आकड्यांच्या रूपात त्यात भरत. संगीताचे आणि यंत्राचे असे दुहेरी ज्ञान एकाच माणसात असावे लागे, म्हणूनच त्यांच्याविषयीच्या कौतुकात नुसते प्रेम नसून दरारासुद्धा असतो.

प्रश्न : या संगीताचे चाहते नुसते ऐकून थांबत नाहीत, स्वतः रचना करू लागतात, असे आपण लिहिले होते. इतर संगीतातही असे होतेच. मग इथे वेगळे काय आहे? (संगणक अभियंता असलेली एक वाचिका, पुणे)

इथे रचना आणि ती वाजवण्याची कृती या दोन्ही गोष्टी श्रोत्याच्या हाती पडतात, हे वेगळेपण आहे. ध्वनिमुद्रिका घेणाऱ्याला गाणे मिळते, पण गवयाने ती जागा कशी घेतली हे त्यातून उलगडतेच असे नाही. कमोडोरच्या खेळाची कॅसेट घेणाऱ्याला मात्र संगीत वाजवणारा प्रोग्रॅमच मिळत असे, आणि ज्याला यंत्रभाषा वाचता येई त्याला ओळ न् ओळ उलगडून उस्तादाची युक्ती पाहता येई. माझ्या मते चिपट्यूनमधल्या प्रेरणेचे मर्म यातच आहे. इथला शागीर्द गुरूला न भेटता, न विचारता, कधी कधी त्याच्या नकळत, त्याच्या पेटीचे झाकण उघडून शिकतो.

याला उस्तादही अपवाद नव्हते. बेलफास्टचे मार्टिन गॅलवे यांनी १९८७ मध्ये 'आर्कनॉइड' या खेळाच्या संगीतात ध्वनिमुद्रित नमुन्यांचे तालवाद्य वाजवले आणि सगळे चकित झाले, कारण चिपमध्ये त्याची काहीच सोय नव्हती. आधीच्या सिड चिपमध्ये एक दोष होता : एकूण आवाज लहान-मोठा केला की बारीकसा टक् असा खटका ऐकू येई. ते खटके सेकंदाला हजारो वेळा हवे त्या प्रमाणात दिले, तर त्यांतूनच मुद्रित आवाज उमटतो आणि तीन आवाजांच्या चिपला चौथा आवाज फुटतो. ही युक्ती आपण दुसऱ्याचा प्रोग्रॅम उघडून शिकलो, अशी प्रांजळ कबुली गॅलवे यांनी पुढे दिली. गंमत म्हणजे चिपच्या नंतरच्या आवृत्तीत उत्पादकांनी तो दोष बराचसा दूर केला, आणि अशा रचनांमधले तालवाद्य नव्या यंत्रांवर अगदी क्षीण ऐकू येऊ लागले.

१९९३ मध्ये 'सी-हॅकिंग' या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात तर हबर्ड यांच्या 'माँटी'मधला वादक-प्रोग्रॅम ओळीओळीने उकलून, टिपांसह समजावून दिलेला लेख आला. सारा प्रोग्रॅम सुमारे एक हजार बाइटांचा, म्हणजे या उत्तरातल्या एखाद्या परिच्छेदालासुद्धा अपुरी पडेल एवढ्या जागेत मावणारा. रचना होऊन आठ वर्षे उलटली होती आणि यंत्राचा बाजार संपत आला होता, तरी कुणाला तरी हे खटाटोपाचे काम करावेसे वाटले, यावरून त्या प्रभावाची खोली कळते.

ज्यांना यंत्रभाषा येत नव्हती त्यांच्यासाठी वाट जर्मनीतून निघाली. ख्रिस ह्युल्सबेक हा तेव्हा अठराच्या आसपासचा मुलगा. '६४-अर' या मासिकाच्या संगीतस्पर्धेत त्याची 'शेड्स' ही रचना १९८६ मध्ये पहिली आली आणि त्याच वर्षी त्याने स्वतःसाठी केलेला 'साउंडमॉनिटर' हा रचनेचा प्रोग्रॅम त्याच मासिकात छापून आला. वाचकांनी तो अंक समोर ठेवून आकडे टाइप करायचे आणि प्रोग्रॅम आपल्या यंत्रात उतरवून घ्यायचा. आपले साधन पुढच्या स्पर्धकांच्या हाती देऊन टाकणे, हे औदार्य की तारुण्याचा बेफिकीरपणा, हे ठरवणे कठीण आहे. पण त्याचे फळ लगेच दिसले. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांनी साउंडमॉनिटरवरून स्फूर्ती घेऊन अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' तयार केला, आणि वरून खाली सरकणाऱ्या उभ्या रकान्यांत स्वर मांडण्याची 'ट्रॅकर' पद्धत तिथून जगभर पसरली.

याच पद्धतीचे पुढचे ठळक अपत्य म्हणजे सन २०००च्या सुमारास स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी गेमबॉयसाठी केलेला 'लिटल साउंड डीजे'. खिशात मावणाऱ्या, चार आवाजांच्या, १९८९ मधल्या खेळण्यावर आता कुणीही प्रवासात बसून रचना करू शकत होते. उत्तर आयर्लंडची नीव्ह ह्यूस्टन, म्हणजेच 'चिपझेल', हिने गेमबॉय आणि हा प्रोग्रॅम यांच्या जोरावर आपली शैली घडवली. २०१२ मध्ये टेरी कॅव्हना यांच्या 'सुपर हेक्सागॉन' या खेळात तिचे संगीत आले आणि त्या खेळाइतकेच ते गाजले. ह्युल्सबेक ते चिपझेल ही साखळी पाहिली तर तीत कुणी कुणाच्या पुढ्यात बसून तालीम घेतल्याचे दिसत नाही. प्रत्येकाने आधीच्याचे साधन उचलले आणि आपल्या हाताला बसेल असे वळवून घेतले.

प्रश्न : आपला स्वतःचा आवडता चिपट्यून संगीतकार कोण? उत्तर टाळू नये. (एक वाचक, नागपूर)

टिम फॉलिन. झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाच्या ४८ के आवृत्तीत संगीताची चिपच नव्हती. एक बारकासा स्पीकर होता आणि त्याचा पडदा आत किंवा बाहेर, या दोनच अवस्था यंत्राला ठाऊक होत्या. अशा स्पीकरवर एका वेळी एक सूर निघाला तरी पुष्कळ, अशी सर्वसाधारण समजूत असताना फॉलिन यांनी किशोरवयातच त्यातून एकाच वेळी अनेक सूर वाजवून दाखवले. प्रोसेसरची जवळजवळ सारी ताकद त्यातच खर्ची पडत असल्याने असे संगीत बहुधा खेळाच्या शीर्षकपटापुरतेच असे.

नंतर निंटेंडो कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरच्या 'सॉल्स्टिस' या १९९० मधल्या खेळासाठी त्यांनी केलेले शीर्षकसंगीत जरूर ऐकावे. सुरुवातीला एक साधीशी, काहीशी पोकळ तुतारी वाजते. ऐकणारा मनात म्हणतो की हे नेहमीचेच, आणि नेमक्या त्या क्षणी सगळे आवाज एकदम अंगावर येतात. श्रोत्याची अपेक्षा मुद्दाम खाली नेऊन मग उसळी मारण्याची ही खोड्याळ जाण मला हबर्ड यांच्या शिस्तीपेक्षाही अधिक भावते. फॉलिन यांचे संगीत अनेकदा फारच सामान्य खेळांच्या वाट्याला आले, ही त्यांच्या चाहत्यांची जुनी खंत आहे आणि ती रास्त आहे.

प्रश्न : एकमेकांचे उघडून पाहणे, उचलणे याचे आपण कौतुक करता. मग प्रेरणा कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते? (एक वाचिका, मडगाव)

या क्षेत्रातले गाजलेले प्रकरणच सांगतो. फिनलंडच्या यान्ने सुनी यांची 'अ‍ॅसिडजॅझ्ड इव्हनिंग' ही रचना २००० साली तिथल्या 'असेम्ब्ली' या मेळाव्यातल्या स्पर्धेत पहिली आली. पुढे नॉर्वेच्या ग्लेन रुने गॅलेफॉस यांनी ती परवानगीने कमोडोर ६४ वर उतरवली. २००७ च्या सुरुवातीला चाहत्यांच्या लक्षात आले, की नेली फुर्टाडो हिच्या २००६ मधल्या अल्बमातील 'डू इट' या गाण्यात तीच सुरावट आहे आणि निर्माता टिंबालँड याने तिचे श्रेय कुणालाही दिलेले नाही. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयातही रचनेवर हक्क सांगणारी फिर्यादी कंपनी हरली, तीही रचनेच्या हक्काची तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंदणी झालेली नव्हती या कारणाने. सुरावट उचलली की नाही, या मुद्द्यावर ती हरली नाही.

दोन्ही वेळा रचना एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पण गॅलेफॉस यांच्या कामावर मूळ रचनाकाराचे नाव आहे. या मंडळींचा अलिखित नियम तेवढाच आहे, आणि तो त्यांच्यात कसोशीने पाळला जातो. युक्ती कुणीही घ्यावी, सुरावट घेतली तर नाव सांगावे. 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' या चाहत्यांनी १९९६ पासून चालवलेल्या संग्रहात हजारो रचना आहेत आणि त्यातला मोठा खटाटोप कोणती रचना नेमकी कुणाची, हे शोधून नोंदवण्याचा आहे. पगार नसताना वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांना टिंबालँडचा एवढा राग का आला, हे समजण्यासारखे आहे.

प्रश्न : नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कार्ट्रिजचा गेम होता. आता त्याच खेळांचे मूळ संगीत ऐकले तर काही ठिकाणी आवाज निराळा वाटतो. हा माझ्या आठवणीचा दोष आहे का? (एक वाचक, ठाणे)

दोष आठवणीचा नसावा. आपल्याकडे त्या वेळी मिळणारी बहुतेक यंत्रे निंटेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्रातल्या दोन आवाजांची लहर किती वेळ 'वर' आणि किती वेळ 'खाली' राहील, याचे ठरावीक पर्याय असतात आणि त्यावरून आवाज भरीव की चिरका हे ठरते. अनेक नकली चिपांत यातल्या पंचवीस टक्के आणि पन्नास टक्के या दोन पर्यायांची अदलाबदल झालेली असे. सुरावट तीच, पण आवाजाचा पोत वेगळा. तेव्हा महाराष्ट्रातल्या एका पिढीने हे संगीत थोड्या बदललेल्या पोतासह ऐकले असण्याची दाट शक्यता आहे.

त्या आठवणीतून आलेले नवे काम ऐकायचे असेल तर २०१४ मधल्या 'शॉव्हेल नाइट' या खेळाचे संगीत ऐकावे. जेक कॉफमन यांनी ते जुन्या निंटेंडोच्या चिपच्या मर्यादा, आणि कोनामी कंपनीने आपल्या कार्ट्रिजांत घातलेल्या जादा चिपचे आवाज, एवढ्याच भांडवलावर रचले. १९८७ मधल्या पहिल्या 'मेगा मॅन'च्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांनी त्यात दोन रचना स्वतः दिल्या. ज्यांच्या रचना हे चाहते लहानपणी ऐकत होते, त्या बाई पाव शतकानंतर चाहत्यांच्याच खेळात सहकारी म्हणून आल्या.

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीला असे संगीत करून पाहायचे आहे. यंत्रे महाग आहेत. सुरुवात कशी करावी? (एक पालक, संगमनेर)

यंत्र मुळीच घेऊ नये. घरचा साधा संगणक पुरेसा आहे. 'फॅमीट्रॅकर' आणि 'फर्नेस' हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत मिळतात. पहिला निंटेंडोच्या चिपपुरता आहे, तर दुसऱ्यात सिड आणि गेमबॉयसह कितीतरी चिपा आहेत. तिने आधी कुणाची तरी ट्रॅकरमधली मूळ फाइल उघडावी, एकेक रकाना बंद करून उरलेले ऐकावे आणि मग एखादे ओळखीचे गाणे केवळ तीन आवाजांत बसवून पाहावे. पेटी किंवा गाणे शिकत असेल तर उत्तमच, पण ती अट नाही. हेडफोन मात्र घेऊन द्यावा, कारण पहिले काही महिने घरातल्या इतरांना हा आवाज सोसवणार नाही.