तहानच लागत नाही, मग पाणी कशाला?

प्रश्न: डॉक्टर, मी ६८ वर्षांचा, रिटायर्ड. रविवारी मुलगा (४१) आणि नातू (११) यांच्याबरोबर पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर गोल्फ खेळतो. मला तहान फारशी लागत नाही, अर्धा लिटरच्या बाटलीत १८ होल, म्हणजे अख्खा खेळ, होतात. पण मागच्या रविवारी चौदाव्या होलला वाकून बॉल उचलला आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बीपीची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो, बाबा इलेक्ट्रोलाइट प्या. स्वतः मात्र खेळ संपला की बियर. काय करू?

उत्तर: काका, तहान लागत नाही हीच तर भानगड आहे! वय झालं की पाणी कमी पडलं तरी तहान उशिरा लागते, किडनीलाही पाणी पूर्वीसारखं धरून ठेवता येत नाही, त्यात तुमची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उन्हात चार-साडेचार तास चालून अर्ध्या लिटरवर भागणार कसं? गोळ्यांची स्ट्रिप घेऊन आधी डॉक्टरांना भेटा, चक्कर आल्याचं सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका (करतात लोक, म्हणून लिहितोय). हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा. तसं काही नसेल तर सोपं आहे, प्रत्येक टीवर (होलचा पहिला फटका मारतात ती जागा) ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची स्टिक, काढायच्या आधी तीन-चार घोट, १८ होलमध्ये लिटरभर सहज जातं. एकदम ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं.

इलेक्ट्रोलाइटची पावडर तुम्ही रोज नका घेऊ, त्यात मीठ असतं आणि तुम्हाला बीपी. साधं पाणी आणि मध्ये एक केळं बास.

चिरंजीवांना सांगा, बियरने लघवी वाढते, भरपाई होत नाही, आधी दोन ग्लास पाणी आणि मग काय ते. एकदा खेळाच्या आधी आणि नंतर वजन करून बघायला लावा, किलोभर उतरलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. नातवाला "तहान लागली का रे?" विचारू नका, खेळायच्या नादात तो नाहीच म्हणणार, सरळ बाटली हातात द्या. कोल्ड्रिंक नको.

आणि हो, तुमची बॅग खांद्यावर घेऊन तेवढंच चालणारा कॅडी काय पितो हो? एक बाटली त्याच्यासाठीही ठेवा.