जे केलं नाहीस त्यावर सही करू नकोस

प्रिय पोरी,

तुझा रात्री दीडचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. शेवटची ओळ वाचून चहा तसाच ठेवला, "ताई, जॉइनिंग बोनसचे दोन लाख परत भरून टाकते आणि मोकळी होते." मोकळी कशातून होतेस गं? नोकरी तू सोडलीस का? प्रोजेक्ट बंद झाला, तुला बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसवलं, मग प्रोबेशनमध्ये आहेस म्हणून हिंजवडीतल्या त्या काचेच्या खोलीत बोलावून उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. हे सगळं त्यांनी केलंय. आणि आता एचआर म्हणतेय पोर्टलवर राजीनामा टाक म्हणजे एक्झिट क्लीन होईल, आणि तू म्हणतेस बरं टाकते.

अजिबात टाकू नकोस. जे केलं नाहीस त्यावर सही करायची नाही, माझं बाकी काही पटलं नाही तरी एवढं ऐक.

तू पाठवलेलं ऑफर लेटर मी दोनदा वाचलं. बोनसच्या कलमात दोनच गोष्टी आहेत, बारा महिन्यांच्या आत कर्मचाऱ्याने स्वतःहून नोकरी सोडली किंवा गैरवर्तणुकीसाठी त्याला काढलं तर जॉइनिंग बोनस पूर्ण परत. तुझं यातलं काय झालं? काहीच नाही. आणि म्हणूनच त्यांना तुझा राजीनामा हवाय! तो पोर्टलवर पडला की तू स्वतःहून सोडलीस असं कागदावर येतं, आणि पैसे मागायचा हक्क त्यांना तू आपल्या हाताने देतेस. मी इतकी वर्षं पेरोलमध्ये, पगाराच्या हिशोबात काढली, हे कसं चालतं ते मला माहितीये. समोरची एचआरवाली मुलगी वाईट नसते, तिला वरून सांगितलेलं असतं एवढंच.

आता एक तपास, जॉइन झाल्यावर दिलेलं अपॉइंटमेंट लेटर काढ. त्यात बरेचदा असतं की हे पत्र आधीच्या सगळ्या पत्रांच्या जागी लागू, आणि त्यातलं बोनसचं कलम वेगळं असू शकतं. तिथे "कोणत्याही कारणाने सेवा संपली तरी" असं लिहिलं असेल आणि खाली तुझी सही असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी तुला पळवाटा शिकवणार नाही, केलेल्या सहीला जागायचं. पण तिथेही लेखी विचार की सहा महिने काम केलंय त्याचं काय, हप्ते मिळतील का. कायद्यात काही आधार आहे का हे विचारलंस. भारतीय करार कायदा १८७२, त्याचं कलम ७४. करार मोडल्यावर ठरलेली रक्कम म्हणजे कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी असेल तेवढी भरपाई. कंपनीचा वकील म्हणेल की आम्ही भरपाई मागतच नाही, दिलेले पैसे परत मागतोय, आणि त्याच्या म्हणण्यात दम आहे, म्हणून फक्त कलम ७४ वर विसंबू नकोस. तुझी खरी ताकद पत्रातल्या बोनसच्या कलमाच्या शब्दांत आहे.

त्यांनी तुला सुप्रीम कोर्टाच्या निकालाची बातमी फॉरवर्ड केली ना? मे २०२५ चा विजया बँकेचा निकाल. तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख, ही अट कोर्टाने वैध धरली हे खरंय. पण त्यातला अधिकारी दुसऱ्या बँकेत जायचं म्हणून स्वतः राजीनामा देऊन गेला होता. तुला हाकललंय. बातमीचा मथळा वाचून घाबरायचं नाही, आत काय झालं ते वाचायचं.

पैशांचं बोलू. दोन लाखातले ४१,६०० टीडीएसमध्ये गेले, हातात आले १,५८,४०० आणि त्यातले बहुतेक जुन्या कंपनीला नोटीस पिरियड पूर्ण न केल्याचे म्हणून दिलेस, कारण यांनाच तू लवकर हवी होतीस. आता मागतायत पूर्ण दोन लाख, म्हणजे जे तुझ्या खात्यात कधी आलंच नाही तेही. उद्या काही द्यायची वेळ आलीच तर ३१ मार्चच्या आत मिटव आणि पेरोलला सांग की ती रक्कम याच वर्षाच्या पगारातून वजा करून टीडीएसचं सर्टिफिकेट द्या. एप्रिल उजाडला की वर्ष बदलतं आणि तो टॅक्स सोडवून घेणं डोकेदुखी होऊन बसते.

आणि शेवटचा पगार अडकवून ठेवलाय त्याबद्दल तू एका शब्दाने विचारलं नाहीस, याचा मला जास्त राग आला. वेतन संहिता २०१९ आता लागू आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. काढलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि कपात कितीही कारणांनी केली तरी वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. एफएनएफ, म्हणजे शेवटचा हिशोब, पंचेचाळीस दिवसांनी ही त्यांची सवय आहे, तू ती नियम समजून बसलीस.

रेकॉर्ड खराब होईल म्हणतेस. ऐक, २००९ च्या मंदीत मलाही असंच बोलावलं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा, मेल आधीच टाइप केलेला, "वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे" आणि खाली माझं नाव, आडनावात एक अक्षर चुकलेलं. मला फक्त सेंड दाबायचं होतं. शेजारी पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा मांडून ठेवलेला, म्हणजे रडणार हेही त्यांनी धरलेलं. मी म्हटलं मला कुठलंच वैयक्तिक कारण नाहीये, तुम्ही काढताय तर तसं पत्र द्या. दिलं त्यांनी. त्या पत्राने मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. प्रत्येक इंटरव्ह्यूत तोच प्रश्न, पुढची नोकरी लवकर मिळेना, कोथरूडचा फ्लॅट बघून ठेवला होता तो हातचा गेला आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. माझा भाऊ आजही म्हणतो एक क्लिक केलं असतंस तर काय बिघडलं असतं. बिघडलं असतं! ज्यांनी दाबलं सेंड त्यांच्याकडे नंतर बोलायला काही उरलंच नाही, ट्रेनिंगचे पैसे भरा म्हणून पत्रं आली तेव्हा हातात स्वतःचाच राजीनामा. मला तसं पत्र पाठवायची त्यांची हिंमत झाली नाही. भावाला हे कळत नाही, तुला कळावं असं वाटतं.

शिवाय इंटरव्ह्यूत "प्रोजेक्ट बंद झाला, प्रोबेशनमध्ये होते, कमी केलं" हे एका वाक्यात शांतपणे सांगता येतं. पुण्यात आयटीत आज निम्म्या लोकांना ते ऐकून काही वाटत नाही. पीएफमधली एक्झिट डेट कंपनीने टाकली नाही तर दोन महिन्यांनी तूच ऑनलाइन टाकू शकतेस, तेवढ्यासाठी कुणाच्या पाया पडू नकोस.

आजच मेल टाक, स्वतःच्या जीमेलवरून, फोनवर काही बोलू नकोस. लिही की मी राजीनामा दिलेला नाही आणि देणार नाही, सेवा कंपनीने संपवली आहे, तसं लेखी पत्र द्या, बोनस कुठल्या कलमाखाली मागताय ते कलम दाखवा, आणि शेवटचं वेतन जमा करा. चारच वाक्यं. आभार, माफी, "प्लीज कन्सिडर" यातलं काही नको. लॅपटॉप परत देशील त्याची पोच घे. नोटीस आलीच तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, लाज वाटायचं काही कारण नाही.

बाबांना अजून सांगितलं नाहीस असं लिहिलंस. आज सांग. एचआरचा फोन घरी जायच्या आधी त्यांना तुझ्या तोंडून कळलं पाहिजे, आणि ते घाबरून भरून टाक म्हणाले तर मला फोन लावून दे, मी बोलते त्यांच्याशी. मेल पाठवायच्या आधी मला दाखव, आणि अपॉइंटमेंट लेटरचे फोटो सगळ्या पानांचे पाठव, मागच्या बाजूंसकट.

तुझी,
ताई