रविवर्म्याचं जुनं छापील चित्र लिलावात घ्यायचंय: पहिली बोली लावण्याआधी

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरात लावायला रविवर्म्याच्या लक्ष्मीचं जुनं छापील चित्र हवंय. एका लिलावाच्या साइटवर ते दिसलंय, बोली २,२०० वर आहे, तीन दिवस बाकी आहेत. आणि विक्रेत्याचा मेसेज आलाय की साइट सोडा, थेट यूपीआय करा, ४,००० ला देऊन टाकतो.

थेट पैसे पाठवू नका. साइटबाहेर व्यवहार झाला की पुढे तक्रार करायला जागाच उरत नाही. माणूस खरा असेलही, कमिशन वाचवत असेल. पण मग तीन दिवस थांबायला त्याला काय हरकत? ‘पहिलं गिऱ्हाईक फिरलं, आता तुमचा नंबर’ असे निरोप लिलाव संपल्यावरही येतात. ते साइटच्या स्वतःच्या मेसेजपेटीत आले तरच उत्तर द्या, आणि पैसेही तिथूनच भरा.

आता चित्राकडे वळू, कारण नवखी माणसं खरी फसतात ती इथे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याने तो विकून टाकला आणि १९०६ साली तो वारलाही, तरी त्याच्या नावाची चित्रं छापणं नंतर कितीतरी वर्षं चालूच होतं. त्यामुळे ‘ओरिजिनल रविवर्मा’ असं लिहिलेलं असलं तरी भाळू नका. जुनी छपाई एवढाच त्याचा अर्थ, आणि कधीकधी तेवढाही नसतो. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं. मुंबई असेल तर सहसा आधीचा काळ, कारला-लोणावळा असेल तर नंतरचा. फ्रेम करताना ही कड बऱ्याचदा कापलेली असते. तसं असेल तर किंमत उतरायलाच हवी.

विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: एक चित्राच्या मागच्या बाजूचा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून, दुसरा देवीच्या गालाचा किंवा हाताचा, अगदी जवळून. जुन्या शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा आणि ठिपके कारागीर हाताने द्यायचे. म्हणून भिंगाखाली ते लहानमोठे, वेडेवाकडे, वाळू सांडल्यासारखे दिसतात. हल्लीच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, एकाच अंतरावर, छोट्या फुलांच्या नक्षीत बसलेले असतात. आणखी एक गंमत म्हणजे नव्या प्रतीत जुनेपणाचे पिवळे डागसुद्धा छापूनच येतात. डागावर भिंग धरा. डागच ठिपक्यांचा बनलेला दिसला तर विषय संपला. खरा डाग कागदात मुरलेला असतो आणि पुष्कळदा मागच्या बाजूलाही उमटतो.

सवड काढून लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये एक चक्कर मारा. तिथे आहेत ती रविवर्म्याची तैलचित्रं. ती एकदा नीट बघितली की आठ-दहा हजारांत ‘हँड पेंटेड ओरिजिनल’ विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचून हसू येतं.

आपल्या बडोद्याच्या नाण्यांचंही असंच आहे, तुमच्या पुढच्या प्रश्नात तीच येणार म्हणून आत्ताच सांगतो. सयाजीरावांच्या तांब्याच्या पैशावर तलवार आणि घोड्याचा खूर असतो, दुसऱ्या बाजूला किंमत आणि साल. ते साल विक्रम संवत आहे. १९४८ दिसलं तर ५७ वजा करा, १८९१ येईल. ‘१९४८ चं, संस्थानाचं शेवटचं नाणं’ असं ठोकून देणारा एक तर अडाणी असतो नाही तर लबाड, आणि दोघांकडूनही घेऊ नये.

बोलीचं म्हणाल तर बहुतेक साइटवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि साइट गरजेपुरतीच तुमच्या वतीने चढत जाते. तुम्ही ५,००० टाकले, समोरच्याची कमाल ३,२०० असली आणि टप्पा १०० चा असला तर चित्र ३,३०० ला तुमचं. म्हणून कमाल आकडा खरा टाका आणि एकदाच टाका. लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होत असेल तर मी शेवटच्या अर्ध्या मिनिटात टाकतो, म्हणजे समोरच्याला इरेला पेटायला वेळच मिळत नाही. काही साइटवर शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत वाढते. तिथे ही हुशारी चालत नाही, आकडा टाकून जेवायला बसावं. परदेशी साइट असेल तर घड्याळ बघा. ईबेच्या अमेरिकन साइटवरची पॅसिफिक वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा.

आकडा ठरवताना वरचा खर्च आधी वजा करायचा. लिलावगृहं बोलीवर प्रीमियम, म्हणजे स्वतःचं जादा शुल्क, लावतात. धरा २० टक्के, आणि त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. ८,००० च्या बोलीवर १,६०० आणि २८८, म्हणजे ९,८८८ झाले. काही ठिकाणी वस्तूवरही जीएसटी लागतो, कुरियर निराळं, परदेशातून मागवलं तर कस्टम ड्यूटी. खिशात १०,००० असतील तर बोली साडेसात हजारांवर थांबवा. आणि तीच चित्रं आधी कितीला *विकली गेली* ते शोधा. मागितलेल्या किमतीला काही अर्थ नसतो, मागणारा काहीही मागतो.

विक्रेत्याचे तारे मोजत बसू नका, वाईट शेरे वाचा. शंभर मोबाइल कव्हरं विकून एकदम पुराणवस्तूंकडे वळलेलं खातं मला नको असतं. बोलींची यादी उघडा: एकही खरेदी नावावर नसलेलं एखादं खातं याच विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूवर बोली चढवत असेल तर तो घरचाच माणूस समजा.

चित्र काचेशिवाय पाठवायला सांगा, गुंडाळी न करता दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट. जुना कागद गुंडाळला की तडकतो. पार्सल उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. परताव्यासाठी कोणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मागच्या बाजूचा फोटो आला की इथे टाका, बघून सांगतो. नाहीच पाठवला तर ही लक्ष्मी सोडा, दुसरी मिळेल. तिच्या प्रती खंडीभर छापल्या गेल्यात.